गणित आणि तारतम्य

प्रस्तावना

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि त्यांवर एक-दोन दिवसांची उघडीप मिळाली, की माझे वडील दिवस उगवायच्या आत रानात जात, वीतभर खोल माती उकरून तिची मूठ वळत आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडून देत. गोळा पडून चपटा राहिला तर ओल अजून जास्त आहे, मूठ वळतानाच माती बोटांतून विस्कटली तर ती अपुरी आहे, आणि खाली पडताच गोळ्याचा भुगा झाला तर रान वापशावर आले असून तिफण धरण्यास हरकत नाही, असा त्यांचा हिशेब असे. पुण्यात विद्यार्थी असताना एका जून महिन्यात मी मोठ्या उत्साहाने हवामानाच्या अंदाजाचे वर्तमानपत्री कात्रण त्यांच्याकडे घेऊन गेलो; दोन दिवसांत पुन्हा पाऊस येणार, तेव्हा पेरणी आजच उरकावी, असे अनुमान मी त्यावरून बांधले होते. वडिलांनी ते कात्रण अनादराने बाजूला सारले नाही. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले, 'आपला भाग' म्हणजे नेमका कोणता, जिल्हा की तालुका, असे विचारले, आणि मग शांतपणे म्हणाले, "पाऊस येईल तेव्हा येईल. आज रान वापशावर नाही. चिखलात पेरलं तर बी कुजतं."

हा प्रसंग मी वडिलांची थोरवी सांगण्यासाठी लिहीत नाही. कारण पुढे आणखी एका साली त्यांचा अंदाज साफ चुकला. घात साधली असे समजून त्यांनी बाजरी पेरली, आणि नंतर तीन आठवडे पावसाने असा ताण दिला की उगवलेले मोड डोळ्यांदेखत करपून गेले. त्या दिवसांत ते आभाळाला, पंचांगाला किंवा आणखी कोणाला बोल लावताना मला दिसले नाहीत. दुबार पेरणीसाठी बियाण्याची उचल मागायला ते स्वतः सोसायटीत गेले आणि सचिवाला म्हणाले, "माझी पेरणी चुकली." त्या तीन शब्दांचा अर्थ मला तेव्हा पुरता उमगला नव्हता. आयुष्याची बरीच वर्षे आकडे आणि आकडेमोड यांच्या सहवासात काढल्यानंतर आज मला असे वाटते, की मनुष्याच्या निर्णयाचे यंत्राच्या उत्तराहून जे वेगळेपण आहे, ते त्या मातीच्या गोळ्यात जितके आहे त्याहून अधिक त्या तीन शब्दांत आहे. प्रस्तुत ग्रंथ हा त्या जाणिवेचा विस्तार होय.

विषयप्रवेशापूर्वी परिभाषेविषयी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. यंत्रासाठी 'संगणक' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे, की त्याच्या पोटात एक मनुष्य दडलेला आहे याचे भान आपल्याला राहिलेले नाही. 'गणक' म्हणजे मुळात गणना करणारा माणूस, ग्रहगणित मांडणारा ज्योतिषी किंवा हिशेबनीस. आणि इंग्रजीतला 'कॉम्प्युटर' हा शब्दही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकडेमोडीच्या नोकरीवर ठेवलेल्या माणसांनाच लावीत असत. दुसरा शब्द 'तारतम्य'. निर्णयबुद्धी, विवेक, सारासारविचार असे अनेक पर्याय हाताशी असताना मी हाच निवडला, त्याला कारण आहे. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातील तुलनेचे दोन प्रत्यय. त्यांच्यापासून झालेल्या 'तारतम्य' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ कमी-अधिकपणा, चढउतार, प्रतवारी एवढाच. एवढे काम यंत्रही करते, किंबहुना मनुष्यापेक्षा सरस करते. परंतु मराठीने या शब्दाला पुढचे एक पाऊल टाकायला लावले. 'त्याला तारतम्य नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाला लहान-मोठे मोजता येत नाही असा आपला आक्षेप नसतो. कोणत्या प्रसंगी कशाला किती किंमत द्यावी हे त्याला उमगत नाही, असा असतो. मोजणीकडून मोल ठरवण्याकडे झालेला एका शब्दाचा हा प्रवास म्हणजेच या ग्रंथाचा विषय आहे.

सर्व काही गणिताने सुटेल, ही आशा संगणकाच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. सतराव्या शतकात लायब्निट्‌झ या जर्मन तत्त्ववेत्त्याने अशी कल्पना मांडली, की सर्व विचारांसाठी एक निर्दोष चिन्हभाषा घडवता आली, तर वाद घालणाऱ्या दोघांनी भांडत बसण्याऐवजी पाटी-लेखणी घेऊन हिशेब मांडावा म्हणजे झाले. १८१४ साली लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने ती पराकाष्ठेला नेली: विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरील प्रेरणा एखाद्या बुद्धीला एका क्षणी ज्ञात असतील, तर तिच्या दृष्टीपुढे भूत आणि भविष्य सारखेच उलगडलेले राहील. ही आशा विज्ञानाच्या बाहेरच्या टीकाकारांनी खोडून काढली असा पुष्कळांचा समज असतो, तो यथार्थ नव्हे. तिच्या सीमा विज्ञानाने स्वतःच, स्वतःच्याच साधनांनी आखून दिल्या आहेत. १९३१ साली गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने असे सिद्ध केले, की साध्या अंकगणिताला पुरून उरेल अशी कोणतीही सुसंगत नियमपद्धती घेतली, तरी जी त्या पद्धतीत सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत, अशी विधाने तिच्यात राहणारच. १९३६ साली अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने गणनयंत्राची तात्त्विक कल्पना मांडली आणि त्याच निबंधात असे यंत्र कोणते प्रश्न कधीही सोडवू शकणार नाही हेही दाखवून दिले. आधुनिक संगणकाच्या जन्मपत्रिकेत त्याच्या मर्यादेची नोंद अशी पहिल्याच दिवशी झालेली आहे.

तथापि तर्कशास्त्रातल्या या सिद्धांतांपेक्षा हवामानाचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, आणि म्हणून या ग्रंथाचा मोठा भाग त्याने व्यापला आहे. आकाशाचे गणित मांडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने केला. तो क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र न धरणारा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या पथकात त्याने काम पत्करले, आणि विश्रांतीच्या वेळात २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन, त्यांवरून सहा तासांच्या अवधीत हवा कशी बदलायला हवी होती याचा हिशेब हाताने करीत तो बसे. १९१७ च्या धामधुमीत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडले. एवढ्या खटाटोपाचे फळ काय, तर सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने चढेल असे उत्तर आले, आणि प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. एवढा फरक वादळाच्या पोटातही पडत नाही. समीकरणे चुकलेली नव्हती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा परस्परांशी मेळ नव्हता, आणि ती विसंगती गणिताने इमानेइतबारे फुगवत नेली.

रिचर्डसनने हे अपयश झाकून ठेवले नाही. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ते सर्व आकड्यांनिशी छापले आणि सोबत एक स्वप्न मांडले: एका अवाढव्य गोलाकार दालनात ६४,००० गणक बसले आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा सोपवलेला आहे आणि मध्यभागी उंच आसनावरून एक प्रमुख सर्वांची लय सांभाळतो आहे. ते स्वप्न तीस वर्षांच्या आत निराळ्या रूपाने खरे झाले. १९५० साली अमेरिकेत चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन या शास्त्रज्ञांनी 'एनिअ‍ॅक' या यंत्रावर हवामानाचे पहिले संगणकीय भाकीत केले. चोवीस तासांच्या भाकिताला तेव्हा जवळजवळ चोवीस तासच लागत, म्हणजे यंत्र निसर्गाच्या बरोबरीने जेमतेम चालत होते. आज ते कित्येक योजने पुढे गेले आहे. चक्रीवादळ किनाऱ्याला कुठे धडकेल हे आपल्याला दोन-तीन दिवस आधी कळते, कोळी होड्या वेळेवर माघारी आणतात, किनाऱ्यावरची गावे हलवली जातात आणि हजारो जीव वाचतात. संगणकाचे हे ऋण मान्य केल्यावाचून त्याच्या मर्यादेविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही, असे माझे मत आहे.

ती मर्यादा कोणत्या वाटेने सापडली, तेही नमूद करण्यासारखे आहे. १९६१ सालच्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्‌स येथील तंत्रविद्यापीठात एडवर्ड लॉरेन्झ हा शास्त्रज्ञ हवामानाची एक सोपी प्रतिकृती संगणकावर चालवीत होता. आधी केलेली आकडेमोड पुन्हा तपासावी म्हणून त्याने छापील कागदावरचे मधलेच आकडे यंत्रात भरले आणि तो कॉफी घ्यायला गेला. परत येऊन पाहतो तो दोन्ही हिशेब काही अंतर हातात हात घालून चालले होते आणि मग त्यांची अशी फारकत झाली होती की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध उरला नव्हता. यंत्र बिघडले नव्हते. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ हा आकडा होता, आणि कागदावर जागा वाचवण्यासाठी त्याचे ०.५०६ एवढेच छापले गेले होते. दशांशाच्या तिसऱ्या स्थानाच्या पलीकडे राहून गेलेली ती धूळ पुढे सबंध आकाश बदलून टाकण्यास पुरेशी झाली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाने हे सिद्धान्तरूपाने मांडले. नियम पूर्णपणे ठरलेले असले तरी आरंभ अनंत सूक्ष्मतेने ज्ञात नसेल, तर दूरचे भविष्य हाती लागत नाही. आणि रोजच्या हवेच्या बाबतीत ही सीमा साधारण दोन आठवड्यांच्या आसपास येते. लाप्लासच्या त्या सर्वज्ञ बुद्धीला असे विज्ञानाच्याच दरबारात उत्तर मिळाले.

आता आपल्या आकाशाकडे वळू. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे मेली. भारतीय हवामान खाते त्याच्या एक वर्ष आधी, १८७५ साली, स्थापन झालेले होते, आणि पावसाळा कसा जाईल हे आधी सांगा, असा तगादा सरकारने त्याच्यामागे लावला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध हेरून १८८६ साली मोसमी पावसाचे पहिले रीतसर दीर्घ मुदतीचे भाकीत केले. पुढे १९०४ साली केंब्रिजचा नामांकित गणिती गिल्बर्ट वॉकर या खात्याचा प्रमुख झाला. हवामानशास्त्राचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. होती ती आकड्यांवरची हुकमत. जगभरच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी मागवून त्याने भारतीय कारकुनांकडून त्यांचे परस्परसंबंध वर्षानुवर्षे काढून घेतले. ते कारकूनच त्याचे संगणक. या उद्योगातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाबाचा जो मोठा झोका त्याला गवसला, तो आज 'दक्षिणी आंदोलन' म्हणून जगन्मान्य आहे आणि एल निन्योच्या सर्व विचाराचा पाया आहे. मात्र ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली, त्या भारतीय पावसाचे भरवशाचे भाकीत त्याच्या हाती लागले नाही. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि तिच्यावरून जाताना मला त्या अनामिक कारकुनांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

वॉकरला न सापडलेल्या त्या भाकितासाठी १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांचे प्रतिमान मांडले. अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम सिद्धीस नेलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने पावसाच्या प्रश्नाला हात घातला याचा आम्हाला त्या काळी केवढा अभिमान वाटला होता, हे आजच्या तरुण वाचकाला सांगून कळणार नाही. पुढील दहा-बारा वर्षे हे प्रतिमान लोकांच्या विश्वासाला पात्र ठरले. मग २००२ साल उजाडले. भाकीत होते सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे; प्रत्यक्षात हंगामात ८१ टक्केच पडला, आणि पेरणी-लावणीचा जो कळीचा महिना जुलै, त्यात देशभरात सरासरीच्या निम्माच झाला. हा कोणा व्यक्तीचा दोष नव्हे. ज्या घटकांचे पावसाशी असलेले नाते भूतकाळाच्या नोंदींवरून पारखून घेतलेले असते, ते नाते काळाच्या ओघात शिथिल होते, कधी उलटतेही. आणि नोंदींवर पोसलेल्या कोणत्याही प्रतिमानाला ही उसवण ती घडून गेल्याखेरीज दिसत नाही. खात्याने प्रतिमान बदलले, घटक बदलले. तरीही २००९ साली जूनमध्ये ९३ टक्क्यांचे भाकीत होते आणि पाऊस ७८ टक्के झाला. ज्याला आपण अनुभव म्हणतो तोही भूतकाळाच्या नोंदींवरच पोसलेला असतो, हे मी विसरलेलो नाही. वडिलांची बाजरी करपली ती त्याच कारणाने.

पुण्याचा आणि संगणकाचा संबंधही या पावसातूनच जुळला, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आहे. १९८० च्या दशकात हवामानाच्या गणितासाठी म्हणून भारताने अमेरिकेकडून 'क्रे' कंपनीचा महासंगणक मिळवला, पण त्याहून सामर्थ्यवान यंत्र मागितले तेव्हा ते नाकारण्यात आले. तेव्हा आपणच यंत्र घडवावे या निर्धाराने १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. पुढे पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आणि त्यानंतर 'अर्क' ही यंत्रे आली. एकट्या 'प्रत्यूष'चीच ताकद सेकंदाला सुमारे ४,००० लक्ष कोटी गणितक्रियांची. रिचर्डसनच्या दालनात किती जन्म गणक बसवले म्हणजे हा आकडा गाठता येईल, याचा विचार करूनच मन स्तिमित होते.

परंतु आकाशाची वीण या यंत्रांच्या गणिताहूनही बारीक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, पाऊणशे मिलिमीटरही भरला नाही. 'मुंबईत किती पाऊस पडला' या साध्या प्रश्नाचे त्या दिवशी एका आकड्यात उत्तर देणे हे गणिताच्या दृष्टीने शक्य होते, आणि अर्थाच्या दृष्टीने अनाठायी होते. 'आपला भाग म्हणजे जिल्हा की तालुका', असे वडिलांनी मला विचारले होते ते याचसाठी.

इथवर जी मर्यादा सांगितली ती गणनेची. हवामानापुरती तरी ती, त्या दोन आठवड्यांच्या सीमेपर्यंत, पुढेमागे मागे हटेल. यंत्रे वाढतील, नोंदी दाट होतील, आठवड्याच्या जागी दहा दिवसांचे भाकीत भरवशाचे होईल, आणि तसे व्हावे अशीच माझी प्रार्थना आहे. या ग्रंथाच्या उत्तरार्धात जिचा विचार केला आहे ती मर्यादा मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि गणनेचे सामर्थ्य वाढल्याने ती तसूभरही हलत नाही. ती आकड्यानंतर सुरू होते. पाऊस येण्याची शक्यता सत्तर टक्के, हे कळले. मग पेरावे की थांबावे? ज्याच्याजवळ दुसऱ्या पेरणीपुरते बियाणे शिल्लक आहे त्याने एक करावे, ज्याने बायकोचा दागिना गहाण टाकून एकच पोते आणले आहे त्याने दुसरे, आणि दोघांचेही बरोबर असावे, असे घडू शकते. आकडा तोच, मोल निराळे. ते मोल आकड्यात नाही, ते ज्याला भोगायचे आहे त्याच्या जिण्यात आहे.

या दृष्टीने १९८३ सालची एक रात्र मला नेहमी चिंतनीय वाटत आली आहे. २६ सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर सोव्हिएत रशियाच्या एका गुप्त केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह पहाऱ्यावर असताना, उपग्रहांच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या संगणकाने अमेरिकेहून अण्वस्त्र सुटल्याची वर्दी दिली. मग दुसरे, तिसरे, असे पाचापर्यंत. यंत्राला शंका नव्हती. पेत्रोव्हने मात्र असा विचार केला, की महायुद्ध सुरू करणारा पाचच अस्त्रांनी सुरू करणार नाही, ही यंत्रणा नवी आहे, आणि जमिनीवरच्या रडारने काहीच पाहिलेले नाही. म्हणून त्याने वरिष्ठांना इशारा खोटा असल्याचे कळवले. तो खोटाच होता. उंचावरच्या ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाने अस्त्रांची ज्वाला समजून टिपला होता. उपग्रहाने काय टिपले याविषयी पेत्रोव्हला यंत्राहून अधिक माहिती नव्हती. उलट कमीच होती. त्याच्यापाशी विशेष होते ते हे, की या वार्तेचा अर्थ काय आणि आपण तसे कळवले तर पुढे काय होईल, हे त्याच्या काळजाला ठाऊक होते. यंत्र चूक करते आणि तसेच पुढे चालते. मनुष्य मात्र चूक होण्याआधीच तिचे ओझे अनुभवू शकतो. तारतम्याचा उगम मला तिथे दिसतो.

यंत्रावर निर्णय सोपवण्यातला धोका निराळ्या बाजूने ओळखणारा संगणकशास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ वायझेनबॉम. नात्सी राजवटीतून लहानपणी निसटून अमेरिकेत आलेल्या या ज्यू गृहस्थाने १९६६ साली 'एलायझा' नावाचा एक साधा संवादकार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचीच वाक्ये थोडी फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची कला. परंतु तो कसा घडला हे जवळून पाहिलेली वायझेनबॉमची चिटणीससुद्धा त्याच्याशी बोलू लागली, आणि काही वेळाने तिने वायझेनबॉमला खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या अनुभवाने तो इतका अस्वस्थ झाला, की १९७६ साली त्याने एक सबंध ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की संगणकाला काय करता येईल हा एक प्रश्न आणि त्याच्यावर काय सोपवावे हा सर्वस्वी वेगळा प्रश्न आहे. आज सफाईने मराठी लिहिणारी यंत्रे आपल्या खिशात आली आहेत. शेतकऱ्याचा मुलगा मोबाइलवर पेरणीविषयी विचारतो आणि त्याला अस्खलित उत्तर मिळते. ते उत्तर पुष्कळदा उपयुक्त असते. पण अगणित मजकुरातून शब्दामागे शब्द कोणता संभवतो हे शिकून ते रचलेले असते. त्या यंत्राने माती हातात घेतलेली नसते, आणि 'माझी पेरणी चुकली' हे वाक्य त्याने कितीही बिनचूक लिहिले, तरी सोसायटीत उचल मागायला ते जात नाही.

इथे दोन आक्षेपांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. पहिला असा, की मानवी तारतम्याचा एवढा कैवार घ्यावा इतके ते निर्दोष आहे काय? मुळीच नाही. १९५४ साली पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, निष्णात वैद्यांचे आणि तज्ज्ञांचे अंदाज साध्या संख्याशास्त्रीय सूत्रांशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी सूत्रे तज्ज्ञांच्या बरोबरीची किंवा वरचढ ठरलेली आढळली. आपल्याकडची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पाहा. हंगामात नजरअंदाज पैसेवारी लावायची, मग सुधारित, आणि पीककापणीच्या प्रयोगांवरून अंतिम. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईग्रस्त ठरत आले. तलाठ्याची नजर, गावच्या पुढाऱ्याचे वजन, जुने हेवेदावे, या सर्वांनी त्या नजरअंदाजात किती वेळा माती कालवली हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तिथे निःपक्षपाती मापकाने गरिबाचे कल्याणच केले आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या एका केंद्राची नोंद प्रमाण धरली जाते. अवकाळी पाऊस त्या केंद्रापासून दोन कोस दूरच्या बागेवर पडला आणि केंद्रावर पडला नाही, तर कागदोपत्री तो पडलेलाच नसतो. अशा वेळी त्या बागेत जाऊन गळलेला बहर पाहणारा, पंचनाम्यावर सही करणारा आणि त्या सहीची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. माझा आग्रह यंत्र हटवून माणूस बसवण्याचा नाही. यंत्राच्या आकड्याखाली माणसाची सही असावी, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विज्ञानाच्या मर्यादा सांगू लागले, की लगेच कोणीतरी सहदेव-भाडळीची वचने, अक्षय्य तृतीयेची घटमांडणी, ग्रहांची युती घेऊन पुढे येतो आणि म्हणतो, पाहा, तुमचे शास्त्र हरले. या ग्रंथाचा असा उपयोग कोणी करू लागल्यास तो लेखकावर अन्याय होईल. लोकवचनांत पिढ्यांचे निरीक्षण आहे हे मी आदराने मानतो, परंतु जे भाकीत चुकल्यावर चुकले असे मान्य करीत नाही ते ज्ञान नव्हे. रिचर्डसनने आपला १४५ मिलिबारचा आकडा छापला आणि वडिलांनी 'माझी पेरणी चुकली' असे सांगितले, या दोन गोष्टी माझ्या लेखी एकाच कुळातल्या आहेत. विज्ञानाचा आणि तारतम्याचा प्राण एकच, तो म्हणजे चूक पत्करण्याची तयारी. तिच्याअभावी गणित कर्मठ होते आणि अनुभव दुराग्रही.

ग्रंथाची रचना अशी: पहिल्या खंडात पर्जन्यभाकिताचा इतिहास, दुसऱ्यात गणनेच्या तात्त्विक मर्यादा सामान्य वाचकाला समजतील अशा बेताने, आणि तिसऱ्यात शेती, न्यायदान, वैद्यक व राज्यकारभार या चार क्षेत्रांत यंत्राचा सल्ला आणि मनुष्याचा निर्णय यांची वाटणी कशी असावी याचा ऊहापोह केला आहे. गणिताची भीती वाटणाऱ्या वाचकाने दुसरा खंड वगळला तरी चालेल; तिसरा मात्र कोणीही वगळू नये अशी विनंती आहे, कारण तिथले प्रश्न शास्त्रज्ञांचे नसून आपणा सर्वांचे आहेत. ज्या जाणकार स्नेह्यांनी हस्तलिखित वाचून चुका दाखवल्या त्यांचा मी ऋणी आहे. राहिल्या असतील त्या माझ्या आहेत.

वडील गेल्यानंतर शेत माझ्या धाकट्या भावाकडे आहे. त्याच्या मोबाइलवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामानाचा सल्ला येतो; भाऊ तो काळजीपूर्वक वाचतो आणि पुढच्या पाच दिवसांची कामे त्यावर बेतून ठेवतो. वडिलांच्या हयातीत असा सल्ला मिळता, तर ती बाजरी कदाचित वाचली असती. गेल्या मृगात मी गावी असताना त्या सल्ल्यात पेरणीस अनुकूल हवामान असल्याचे लिहिलेले होते. भावाने ते मला वाचून दाखवले, फोन खिशात घातला, आणि पायताण काढून तो रानात उतरला. बांधावरून मी पाहत होतो; त्याने वाकून वीतभर खोल माती उकरली आणि तिची मूठ वळली.